वीर आपला, अश्रू कोणाचे?

गल्लीतल्या भांडणात कोणी अंगावर धावून आला की 'तू काय मोठा रुस्तुम लागून गेलास?' असे त्याला आजही ऐकवले जाते. गाठीला नसतानाही देत सुटणाऱ्याला 'हातिमताई' म्हटले जाते. म्हणणारा हिंगोलीचा असो, कळमनुरीचा असो की वसमतचा, हिंदू असो की मुसलमान, त्याने फिरदौसीचा शाहनामा उघडूनही पाहिलेला नसतो. हातिम हा इस्लामपूर्व काळातल्या तय्य कबिल्याचा एक दिलदार अरब होता, हेही त्याला माहीत नसते. कुस्तीच्या फडात 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताब मिळवणे ही आजही इभ्रतीची गोष्ट आहे. मोहरमच्या दहाव्या दिवशी सवाऱ्या आणि ताबूत ज्या नदीकाठी थंड होतात, त्या जागेला दख्खनच्या कितीतरी गावांत 'करबला' म्हणतात. इराकातले ते मैदान आमच्या नदीच्या वाळूत कधी येऊन बसले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

राज्ये जातात, हद्दी बदलतात. आमचा हिंगोली जिल्हाच पाहा. 1 मे 1999 रोजी तो परभणीतून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता, त्याही आधी यादवांचा अंमल इथे होऊन गेला. हे सगळे गेले. राहिल्या त्या वीरांच्या कथा. त्या भाषेत मुरल्या, मुलांच्या नावांत आल्या, शिव्यांत आणि शपथांतही आल्या. म्हणून वीरकथा ही नुसती करमणूक आहे असे समजून चालत नाही. ती आपल्याला काही शिकवत असते, आणि आपण शिकतो आहोत हे आपल्याला कळतही नसते.

प्रश्न असा आहे की ती काय शिकवते? वीरकथा ऐकताना आपण नकळत एका बाजूला जाऊन उभे राहतो. वीर तलवार उचलतो तेव्हा आपलाही हात शिवशिवतो. तो जिंकला की आपली छाती फुगते, तो पडला की आपले डोळे भरून येतात. हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या समोर जो पडला, त्याचे काय? त्यालाही आई होती, कदाचित वाट पाहणारी पोरे होती. त्याच्यासाठी कथेत कोणी रडते का? आणि कथेत कोणी रडत नसेल, तर ती कथा ऐकून मोठे झालेले आपण शेजाऱ्याच्या दुःखाशी कसे वागू? आम्हाला या लेखात एवढ्याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

मराठवाड्यात गावाच्या वेशीपाशी, मारुतीच्या पाराशेजारी, जुन्या महादेवाच्या देवळामागे शेंदूर फासलेले उभे दगड दिसतात. लोक त्यांना देव समजून पाणी घालतात. त्यातले पुष्कळसे वीरगळ असतात. दगडावर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात. सगळ्यांत खाली आडवा पडलेला वीर, आणि पुष्कळदा त्याच्याजवळ गायी. त्याच्या वर लढाईचा देखावा. त्याच्या वर अप्सरा वीराला स्वर्गात नेत आहेत. सगळ्यांत वर तोच वीर शिवपिंडीसमोर हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे त्याची कीर्ती चंद्र-सूर्य असेपर्यंत राहो. गायी कोरल्या आहेत त्याचे कारण असे की, गावची गुरे पळवून नेणाऱ्या टोळीशी झुंजताना कोणी मेला तर गाव त्याच्या नावाने असा दगड उभा करी. त्या काळात गुरे म्हणजेच गावची दौलत. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर काही लिहिलेले नाही. त्यामुळे ज्याची कीर्ती चंद्र-सूर्य असेपर्यंत राहावी म्हणून दगड घडवला, त्याचे नावही आज कोणाला ठाऊक नाही. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त विचारात पाडते. दगडावर वीर आहे, गायी आहेत, अप्सरा आहेत. वीराच्या हातून जे मेले ते फार तर त्याच्या पायाखाली आडवे कोरलेले असतात. त्यांचे पुढे काय झाले हे सांगणारी एकही चौकट नाही.

गुरांच्या धाडीवरून वीरकथा रचणारे आम्ही एकटेच नव्हे. युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचे बेट आहे. आमच्यासारखेच तेही इंग्रजांच्या अमलाखाली राहिले, आणि आमच्याआधी लढून त्याचा मोठा भाग मोकळा झाला. त्या बेटाची सर्वांत मोठी जुनी वीरकथा गुरांच्या धाडीचीच आहे. तिचे नावच 'कूलीच्या गुरांची धाड' असे आहे. ती शतकानुशतके तोंडी चालत आली आणि पुढे ख्रिस्ती मठांतल्या भिक्षूंनी लिहून ठेवली. तिची जुनी हस्तलिखिते इसवी सन 1100 च्या आसपासची आहेत. ख्रिस्ती भिक्षूंनी ख्रिस्तपूर्व वीरांच्या कथा जपल्या, हे वाचून आम्हाला फिरदौसीची आठवण होते. त्यानेही 1010 साली पुरा केलेल्या शाहनाम्यात इस्लामपूर्व इराणचे बादशहा आणि पहिलवान जिवंत ठेवले. धर्म बदलला म्हणून जुन्या कथा फेकून द्याव्यात, असे या लोकांना वाटले नाही.

आयरिश कथा थोडक्यात अशी. कनॉट प्रांताच्या मेव्ह राणीला अल्स्टर प्रांतातला एक नामांकित बैल हवा असतो. ती फौज घेऊन निघते. अल्स्टरचे सगळे लढवय्ये एका शापामुळे अंथरुणाला खिळलेले असतात. एकटा कूहुलिन नावाचा सतरा वर्षांचा पोरगा उभा असतो. नदीच्या उतारावर उभा राहून तो राणीच्या एकेका वीराशी झुंजतो आणि फौज अडवून धरतो. हा पोरगा लहानपणीच ठरवून बसलेला असतो की आयुष्य थोडे मिळाले तरी चालेल, नाव मात्र कायम राहिले पाहिजे.

राणी शेवटी फेर्दिया नावाच्या वीराला पुढे करते. फेर्दिया आणि कूहुलिन दोघे एकाच उस्तादाकडे शिकलेले, आणि तो उस्ताद म्हणजे एक स्त्री होती. एका ताटात जेवलेले, एकमेकांना भाऊ मानलेले. फेर्दियाला लढायचे नसते. राणी त्याला मुलगी देण्याची लालूच दाखवते, आणि नाही म्हणालास तर शाहिरांकडून तुझी बदनामी करवीन असा धाक घालते. इभ्रतीला भिऊन तो उतारावर येतो. दिवसभर दोघे झुंजतात. रात्र झाली की गळाभेट घेतात, जखमांवर लावायला एकमेकांना औषधी पाला पाठवतात, जेवण पाठवतात. दोघांचे घोडे एकाच ठिकाणी बांधले जातात. तिसऱ्या रात्री मात्र दोघे न बोलता वेगळे होतात, आणि चौथ्या दिवशी कूहुलिनच्या भाल्याने फेर्दिया मरतो. त्यावर वीर काय करतो? तो विजयाची आरोळी ठोकत नाही. मित्राचे प्रेत उचलून पाण्यातून आपल्या तीरावर आणतो आणि त्याच्याजवळ बसून ऊर फुटेस्तोवर रडतो. त्या जागी आज आर्डी नावाचे गाव आहे. मूळ आयरिश नावाचा अर्थ 'फेर्दियाचा उतार' असा होतो. लोकांनी गावाला जिंकलेल्याचे नाव दिले नाही, मेलेल्याचे दिले.

याच कूहुलिनची आणखी एक कथा आहे. दूर देशी राहिलेला त्याचा मुलगा कोनला त्याला शोधत येतो. नाव सांगायचे नाही असे बंधन बापानेच त्याच्यावर घातलेले असते. समुद्रकिनाऱ्यावर दोघांची झुंज होते आणि बापाच्या हातून मुलगा मरतो. हे वाचताच आमच्या वाचकाला रुस्तुम-सोहराब आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथेही बाप आपले नाव सांगायला तयार होत नाही. सोहराबच्या दंडावरची खूण दिसते ती खंजीर छातीत उतरल्यावर. आयर्लंडचा शाहीर आणि तूसचा फिरदौसी कधी भेटले नाहीत, एकमेकांची भाषाही त्यांना येत नव्हती. तरी दोघेही एकच गोष्ट सांगून गेले. नावासाठी, इभ्रतीसाठी उचललेले हत्यार समोर कोण आहे हे विचारत नाही, आणि शेवटी आपल्याच रक्ताचा माणूस समोर पडलेला सापडतो.

म्हणजे जुन्या कथाकारांना वीराचा मोठेपणा माहीत होता आणि त्याची किंमतही माहीत होती. मग ही किंमत कथेतून कोण पुसून टाकते? याचे उत्तर आयर्लंडच्या पुढच्या इतिहासातच मिळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथे स्वातंत्र्याची चळवळ पेटली, तेव्हा जुन्या वीरकथा पुन्हा वर आल्या. पॅट्रिक पिअर्स या शिक्षकाने 1908 साली शाळा काढली आणि मुलांपुढे कूहुलिनचा आदर्श ठेवला. 1916 च्या ईस्टरमध्ये झालेल्या उठावाचा तो एक म्होरक्या होता. इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. उठाववाल्यांचे ठाणे डब्लिनच्या मोठ्या पोस्ट ऑफिसात होते. तेथे 1935 साली ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकाराचा कूहुलिनचा पुतळा स्मारक म्हणून बसवण्यात आला. मरताना जमिनीवर पडायचे नाही म्हणून दगडाला स्वतःला बांधून घेतलेला वीर, आणि खांद्यावर बसलेला कावळा, असा तो पुतळा आहे.

नवल पुढेच आहे. बेटाच्या उत्तर भागात ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या प्रॉटेस्टंट गटांनीही भिंतींवर याच कूहुलिनची चित्रे काढली. त्यांचे म्हणणे, हा अल्स्टरचा रक्षक, म्हणून तो आमचा. एकच वीर दोन्ही बाजूंच्या बंदूकवाल्यांचा झाला. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून 1998 च्या करारापर्यंत तेथे साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. ती कथेमुळे मेली असे आम्ही म्हणत नाही. माणसे मारण्याची कारणे जमीन, सत्ता, नोकऱ्या आणि जुना अन्याय यांत असतात. पण एक गोष्ट दिसते. पुतळ्यात फेर्दिया नाही. भिंतीवरच्या चित्रात कोनला नाही. दोन्ही बाजूंनी कथेतला भाला घेतला आणि रडणे गाळले. त्याच देशातल्या यीट्स या कवीने मात्र 1904 साली रंगभूमीवर आणला तो मुलाला मारून वेडा झालेला आणि समुद्राच्या लाटांवर तलवार चालवणारा कूहुलिन. पण नाटकातल्या त्या वेड्या बापापेक्षा पोस्ट ऑफिसातला पुतळाच लोकांच्या डोळ्यांपुढे राहिला.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात वीरकथेचे वाहन म्हणजे पोवाडा. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक अफजलखानाच्या वधाचा आहे. तो अज्ञानदासाने रचला. 10 नोव्हेंबर 1659 चा हा प्रसंग शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो, आणि वर्गात तो शिकवला जाताना मुसलमान मुलाकडे वळणाऱ्या नजराही आमच्या पिढ्यांना पाठ आहेत. वास्तविक त्या लढाईला धर्माची सरळ रेघ नव्हती. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता. शिवाजी महाराजांच्या पायदळाचे सरनोबत नूरखान बेग होते, आरमारात दौलतखान होते. आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे. ती महाराजांनीच बांधवली असे परंपरा सांगते. मेल्यावर वैर संपले, हे त्या कबरीचे म्हणणे आहे. हेसुद्धा कथेचेच अंग आहे, पण मिरवणुकीच्या फलकावर वाघनखे असतात, कबर नसते.

पोवाडा ही एका समाजाची मालमत्ता कधीच नव्हती. पेशवाईत नावाजलेले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते. बार्शीचे मेहबूब पटेल पुढे शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरली. डफ आमच्याही हातात होता. म्हणून वीरकथेबद्दल बोलताना आम्ही बाहेरून बोलत नाही. तिचे श्रोते तर आम्ही आहोतच, तिचे गाणारेही आम्हीच आहोत.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक दुखरी जागा आहे, ती म्हणजे 1948. दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात. आमच्या जिल्ह्यात वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्या लढ्यातल्या हुतात्म्याच्या नावाने उभे आहे. लातूरच्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव जो जुलूम केला तो खरा आहे. त्याच्या कथा ज्या घरांतून सांगितल्या जातात त्यांचे दुःखही खरे आहे. पण आमच्या घरांतून दुसऱ्या कथा सांगितल्या जातात, त्या हळू आवाजात. 13 सप्टेंबरला फौज आली, पाच दिवसांत सगळे संपले, आणि त्यानंतर ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशीही माणसे मारली गेली. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संपूर्ण हैदराबाद संस्थानात मेलेल्यांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजार असा अंदाजला. तो अहवाल कित्येक दशके बंद राहिला आणि 2013 मध्ये लोकांना पाहायला मिळाला.

एकाच जमिनीवर अशा दोन कथा आहेत, आणि दोन्हींत समोरच्याचे मेलेले गाळलेले आहेत. एका कथेत पोलीस कारवाईनंतर काहीच घडले नाही. दुसऱ्या कथेत तिच्याआधी काहीच घडले नाही. अशा वेळी आम्हाला शोएबुल्ला खान आठवतात. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक. रझाकारांविरुद्ध त्यांनी उर्दूत लिहिले, आणि ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांना ठार मारण्यात आले. त्याच सुंदरलाल अहवालात असेही नोंदले आहे की अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवले, विशेषतः एकच धंदा करणाऱ्या लोकांनी. विणकर विणकरासाठी उभा राहिला. शोएबुल्ला खान आणि ते विणकर यांच्यावर किती पोवाडे झाले? ते दोन्ही कथांच्या मधल्या उतारावर उभे आहेत, म्हणून त्यांना कोणतीच बाजू आपले म्हणून मिरवत नाही.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. ज्याच्या घरावर जुलूम झाला त्याने जुलूम करणाऱ्यासाठीही रडायचे काय? मग करबलाच्या कथेत यझीदसाठीही अश्रू गाळायचे का? इन्साफाचा आग्रह सोडून गळे काढत बसण्याला आम्ही शहाणपण म्हणतो आहोत की काय?

आमचे म्हणणे तसे नाही. दुसऱ्याच्या मेलेल्यासाठी रडणे म्हणजे गुन्हेगाराला सोडून देणे नव्हे. सूरह माइदाच्या आठव्या आयतीचा आशय सर्वांना माहीत आहे: एखाद्या कौमेशी असलेले वैर तुम्हाला अन्यायाकडे ढकलू देऊ नका. ही आज्ञा मित्रांबद्दल नाही, वैऱ्याबद्दल आहे. वैर असूनही न्याय सुटता कामा नये, आणि न्याय करायचा तर समोरच्यालाही आधी माणूस म्हणून पाहावे लागते. एका यहुद्याची अंत्ययात्रा जाताना पैगंबर उठून उभे राहिले, आणि लोकांनी विचारले तेव्हा तोही एक जीवच होता असे त्यांनी सांगितले, ही हदीस प्रसिद्ध आहे.

हजरत हमजा यांचे उदाहरण घ्या. दास्तान-ए-अमीर हमजा लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 1883 ते 1917 या काळात 46 खंडांत निघाली. त्यात हमजा परी, जिन्न आणि जादूगार यांच्याशी झुंजत राहतात. ऐकायला मजा येते. पण सीरतमधले हमजा उहुदच्या मैदानात 625 साली शहीद होतात, आणि परंपरेने त्यांच्या मारेकऱ्याची कहाणीही जपून ठेवली आहे. वहशी हा हबशी गुलाम होता. हमजांना मारलेस तर तुला आझाद करू, असे वचन त्याला मिळाले होते. पुढे तो मुसलमान होऊन आला. पैगंबरांनी त्याचा स्वीकार केला, मात्र शक्य तर माझ्यासमोर येत जाऊ नकोस असे त्याला सांगितले. दास्तानीच्या 46 खंडांपेक्षा आम्हाला हा एवढासा प्रसंग मोठा वाटतो. यात माफी आहे, पण काळजातली जखम लपवलेली नाही. मारेकरी आहे, पण तो गुलाम का होता आणि त्याला काय हवे होते हेही सांगितले आहे.

करबलात तर याच्याही पुढची गोष्ट आहे. हुर हा यझीदच्या बाजूचा सरदार. इमाम हुसेन यांची वाट त्यानेच अडवली. त्याची तुकडी वाळवंटातून तहानेने व्याकूळ होऊन आली होती, तेव्हा हुसेन यांनी त्या माणसांना आणि त्यांच्या घोड्यांनाही पाणी पाजले असे रिवायतीत येते. त्यानंतर काही दिवसांतच हुसेन यांच्या लेकराबाळांचे पाणी तोडण्यात आले. 10 मोहरम 61 हिजरीच्या, म्हणजे 10 ऑक्टोबर 680 च्या सकाळी हुर आपली फौज सोडून हुसेन यांच्याकडे आला, माफी मागितली आणि त्यांच्या बाजूने लढून शहीद झाला. मीर अनीस यांनी त्याच्यावर मर्सिया लिहिला. करबलाच्या शहिदांत ज्याने आधी वाट अडवली त्याचेही नाव आदराने घेतले जाते. वैऱ्याच्या फौजेतही हुर असू शकतो, हे ज्या कथेने सांगितले ती कथा ऐकून कोणाला सगळ्या समोरच्यांचा सरसकट द्वेष करता येईल?

मोहरमात आमच्याकडे सवाऱ्या बसतात, अलावा पेटतो, मलिदा आणि चोंगे होतात, सरबत वाटले जाते. दख्खनच्या काही गावांत मुसलमानांचे घर नसतानाही पंजे बसतात. यातले शरीयतीला धरून काय आणि बाहेरचे काय, हा वाद उलेमांचा आहे आणि त्यात शिरण्याचा आमचा इरादा नाही. पण सरबताचा पेला पुढे करताना घेणाऱ्याची जात-धर्म विचारला जात नाही, ही रीत कोणत्या कथेतून आली हे तरी आमच्या मुलांना ठाऊक असावे.

आणि शेवटी आमच्याच जिल्ह्यातली एक आख्यायिका. सेनगाव-हिंगोलीकडचे नर्सी हे संत नामदेवांचे गाव म्हणून मानले जाते, आणि औंढ्याचे नागनाथाचे देऊळ त्यांच्या आणि विसोबा खेचरांच्या भेटीसाठी प्रसिद्ध आहे. नामदेवांची पदे पंजाबात गेली, शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची 61 पदे आहेत. त्यांच्याबद्दल एक जुनी कथा सांगतात. तारुण्यात ते वाटमाऱ्यांच्या टोळीत होते. त्या टोळीने चौऱ्याऐंशी घोडेस्वार मारले. एकदा ते औंढ्याच्या देवळात गेले असता एक बाई आपल्या रडणाऱ्या पोराला रागे भरत होती. पोर भुकेले होते. विचारल्यावर कळले की तिचा नवरा त्या चौऱ्याऐंशींतला एक होता. ते ऐकून नामदेवांचे काळीज फाटले, तेथेच त्यांनी शस्त्र स्वतःवर चालवले, आणि पुढचे आयुष्य वेगळे झाले.

हा इतिहास आहे असे कोणी समजू नये. अनेक अभ्यासकांनी ही कथा नाकारली आहे आणि वारकऱ्यांना ती रुचत नाही, हे आम्ही समजू शकतो. आम्ही तिच्याकडे नामदेवांचे चरित्र म्हणून पाहत नाही. लोकांना अशी कथा रचावीशी का वाटली, एवढेच पाहतो. वीरगळाच्या दगडावर जी चौकट नव्हती ती या कथेने कोरली. चौऱ्याऐंशी स्वार मारणाऱ्याच्या कानावर त्यांतल्या एकाच्या पोराचे रडणे घातले. लोकांनी नामदेवांना मोठे मानले ते स्वार मारले म्हणून नव्हे. ते रडणे त्यांना ऐकू आले म्हणून.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही आपल्या ग्रंथाला 'योगसंग्राम' असे लढाईचेच नाव दिले, पण त्यातला शत्रू बाहेर नाही, माणसाच्या आतले विकार आहेत. सूफी परंपरा नफ्साशी होणाऱ्या झुंजीला मोठी झुंज म्हणते, ती याच अर्थाने. शौर्य नको, असे यातले कोणीच म्हणत नाही. अन्यायापुढे मान न झुकवणे हा हुसेन यांचा धडा आहे आणि तो सोडून आमचे चालणार नाही. पण ज्या शौर्याला समोरच्याचे घर दिसत नाही, ते रुस्तुमासारखे केव्हा तरी आपल्याच मुलावर जाऊन पडते.

आज मुले वीरकथा मोबाईलवर ऐकतात. तीस सेकंदांची चित्रफीत, पाठीमागे मोठे संगीत, हातात तलवार आणि शेवटी एक घोषणा. तीस सेकंदांत वीर बसतो, फेर्दिया बसत नाही. हे दोन्हीकडच्या मुलांच्या मोबाईलवर सारखेच चालले आहे. मुलांना कथा ऐकू नका असे सांगून उपयोग नाही आणि तसे सांगूही नये. त्यांना पूर्ण कथा सांगावी लागेल. प्रतापगड सांगताना कबरही सांगावी, करबला सांगताना हुर सांगावा, 1948 सांगताना दोन्ही घरांतले मेलेले सांगावेत आणि शोएबुल्ला खान यांचे नाव घ्यावे. वेळ जास्त लागेल. मूल मध्येच विचारील, 'मग तो समोरचा मेला, त्याच्या घरी कोण कोण होते?' ते विचारील तेव्हा कथा थांबवून त्याला उत्तर द्यावे, आणि मगच पुढे जावे.